नानांच्या चालीतला खड्डा

मेहरूणमधली ती वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, एकटी का राहता हेही विचारलं नाही. त्यांनी फक्त एक अट घातली.

"मॅडम, पंखा नवा शे, पानी बी चोवीस तास शे. फक्त घरमा आंबट आनानं नही."

मी सोलापूरकडची. जळगावच्या एका शाळेत गणित शिकवायला नुकतीच आले होते. मला वाटलं, ही बोली आपल्याला नीट कळलेली नाही. म्हणून विचारलं, "लिंबूसुद्धा नाही?"

"लिंबू, चिंच, कैरी, लोनचं. बठ्ठं आंबट कंपाउंडना बाहेर."

"आणि ताक?"

त्यांनी मान तिरकी करून विचार केला. "गोड व्हयी तर चाली."

हे आमचे नाना. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते अजून रोज सकाळी पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका लाल पेनाने गोल करतात. माझ्यावर तेवढं काम वाढायला नको.

अटीचं कारण पहिल्याच संध्याकाळी समजलं. मी पिशव्या उघडत होते आणि खालून असा आवाज आला की कुणीतरी म्हशीला जिन्यावरून ओढत नेतंय. धावत खाली गेले. नाना कपाटात डोकं घालून उभे होते. कपाटात गोधड्या ठासून भरलेल्या, त्या गोधड्यांमध्ये ट्रंपेटचं तोंड खुपसलेलं, आणि नानांचे डोळे मिटलेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, गवारीच्या शेंगा मोडता मोडता मला सांगितलं, "बसा मॅडम. आते अर्धा तास चाली हे."

नाना वरणगावला कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. पास म्हणजे पुढे जाऊ द्या. रिजेक्ट म्हणजे भंगारात टाका. रिवर्क म्हणजे माल वाईट नाही, पण परत हात फिरवा. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला तपासायला घेतलं. त्यांचे वडील धुळ्यातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. मुलाने मात्र नोकरी करावी म्हणून त्यांनी त्याला बाजाला हातही लावू दिला नव्हता. म्हातारबाबा गेले, बाजा राहिला. साठाव्या वर्षी नानांनी तो भिंतीवरून काढला आणि कुणालाही न विचारता शिकायला सुरुवात केली.

शिकवायला कुणी का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. "शिकाडनारा माले पास करी टाकी," नाना म्हणाले. "मनं वय पाहीसन."

मला हे उत्तर फार आवडलं होतं. माझ्या वर्गात चाळीस मुली होत्या आणि चाळीसही जणी मी पास करावं म्हणून बसलेल्या होत्या.

स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर खडूने आखलेला एक तक्ता होता. तारीख, काय वाजवलं आणि निकाल. मी राहायला गेले तेव्हा निकालाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'रिजेक्ट' होतं. फक्त एका दिवशी 'रिवर्क' होतं. त्याबद्दल विचारलं, तर अक्का म्हणाल्या की त्या दिवशी नाना भुसावळला लग्नाला गेले होते आणि बाजा घरीच होता.

त्यांच्या शिकण्याच्या पद्धती त्यांच्याच. मोबाइलवर कुणीतरी परदेशी गोरा माणूस ट्रंपेट शिकवायचा. नानांना त्याची भाषा येत नव्हती, म्हणून ते आवाज बंद करून फक्त त्याचे गाल बघायचे. त्याचे गाल फुगत नाहीत आणि आपले फुगतात, हा शोध लागल्यावर त्यांनी दोन्ही गालांवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली. तशा चेहऱ्याने ते दूध आणायला गेले आणि दूधवाल्याने दाढ कधी काढली म्हणून विचारलं. दुसरा प्रयोग कॅलेंडरच्या पानाचा. पान भिंतीला टेकवायचं, हात काढून घ्यायचा आणि केवळ फुंकरीने ते तिथेच धरून ठेवायचं. हे करताना पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यातल्या जळगावात पंखा बंद ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तोंडाशी लावायचं माउथपीस ते सतत शर्टाच्या खिशात बाळगत. स्कूटर चालवताना रुमालाआडून त्यात ओठ फुरफुरवत. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले आपलं इंजिन बंद पडलं की काय म्हणून खाली वाकून बघायचे.

बाजातून पाणी निघतं. ते नाना पायाशी ठेवलेल्या वाटीत टाकत. अक्का त्याला थुंकी म्हणत आणि वाटीला हात लावत नसत.

"ती थुंकी नही," नाना दर वेळी समजावत. "ती वाफ शे. थंडी व्हयनी की तिनं पानी व्हस."

"मंग त्या पानीमा चहा करू का?" अक्का विचारत.

सूर लावायला त्यांच्याकडे पेटी नव्हती. त्यांनी कुकर धरला होता. अक्कांच्या कुकरची तिसरी शिट्टी हा त्यांचा सा. पहिल्या दोन शिट्ट्या घसा साफ करण्याच्या, तिसरी खरी, असं त्यांचं निरीक्षण. वरण शिजत आलं की ते बाजा घेऊन ओट्याशी उभे राहायचे आणि शिट्टी झाली की तिला सूर मिळवायचे. एकदा अक्कांनी कुकरची रिंग बदलली. त्या संध्याकाळी सगळंच बेसूर. नाना हवालदिल होऊन घरभर फिरले, बाजाच्या चाव्या काढून धुतल्या, ओठांना तूप लावलं. मग त्यांना ओट्यावर जुनी रिंग दिसली. ती त्यांनी धुऊन परत बसवली. पुढे महिनाभर आम्ही अर्धंकच्चं वरण खाल्लं, पण सा जागेवर होता.

शेजारी राजस्थानकडचे एक कापडवाले शेठ राहत. एका रविवारी ते तक्रार घेऊन आले. नानांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "शेठ, परवापेक्षा काल जास्ती त्रास व्हयना का कमी?" शेठ सरळ माणूस. त्यांनी प्रामाणिकपणे आठवलं. "परसों से थोडा कम," ते म्हणाले. नानांचा चेहरा उजळला. भिंतीवर त्या दिवसापुढे 'रिवर्क' लिहिलं गेलं. तेव्हापासून शेठ दर रविवारी येऊन आठवड्याचा त्रास सांगू लागले. पुढे पुढे तर ते आधी चहा मागत आणि मग त्रास सांगत.

राहिलं आंबटाचं. "आंबट खाधं की ओठ सुटी जास," हा नानांच्या वडिलांचा नियम होता. बाजा वाजवणाऱ्याच्या घरात आंबट नको, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे, असं नाना सांगत. नियमाची खरी झळ अक्कांना बसत होती. मी राहायला गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या पदराखाली काहीतरी घेऊन वर आल्या. दार लावलं. कैरीच्या लोणच्याची बरणी माझ्या गणिताच्या पुस्तकांमागे ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, ही तुम्हनी. मी फक्त पाव्हनी." तेव्हापासून रोज दुपारी चारला अक्का वर यायच्या, एक फोड तोंडात टाकायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. खाली नाना गोधड्यांमध्ये फुंकत असायचे. ती बरणी आधी पिठाच्या डब्यात असायची, हे मला नंतर समजलं.

चार वर्षांत नाना खरोखर सुधारले. हे मी लिहिते आहे, कारण त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं की ते लगेच त्याची कसून तपासणी करायचे. म्हशीचा आवाज गेला. मग काही महिने पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा, तोही गेला. एका सकाळी मी वह्या तपासत होते आणि खालून एक सूर आला. तो लांब होता, सरळ होता, आणि संपेपर्यंत माझ्या हातातलं पेन वर राहिलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "नाना, पास." खालून उत्तर आलं, "शेवट जरा हालना. रिवर्क."

हे सगळं त्यांनी एका चालीसाठी चालवलं होतं. त्यांच्या वडिलांनी एक स्वतःची चाल बांधली होती. वरात नवरीच्या दारात पोचायला आली की शेवटची शंभर पावलं ती वाजवायची. ती त्या बँडमध्ये कुणी लिहून ठेवली नव्हती. ती उरली होती एका कॅसेटवर, नाना आणि अक्कांच्या लग्नाच्या. मुलाच्या वरातीत बाप बाजा वाजवतोय म्हणून कुणा मावसभावाने टेपरेकॉर्डर डोक्यावर धरून ती टिपली होती. ती कॅसेट नानांनी इतकी ऐकली होती, की त्यातला भोंगा, कुत्रं आणि कुणाचं तरी "सरका सरका" हेही त्यांना क्रमाने पाठ होतं.

या चालीच्या मधोमध एक खड्डा होता. चाल चढत चढत वर जायची आणि एकदम बंद. आठ मात्रा नुसते ढोल. मग चाल पुढून सुरू. कान देऊन ऐकलं तर त्या आठ मात्रांत कुणीतरी खिदळल्यासारखं ऐकू यायचं, पण नाना म्हणायचे की ती टेप घासल्याची घरघर आहे.

नाना तो खड्डा वाजवायचे. म्हणजे बाजा ओठांना तसाच लावून आठ मात्रा स्तब्ध उभे राहायचे. मी गणिताची शिक्षक. मी सांगते, त्या आठ मात्रा कधी साडेसात झाल्या नाहीत. शेठसकट सगळ्या गल्लीने त्यांना त्या खड्ड्याबद्दल छेडलं. महापालिकेला कळवा, म्हणाले. नाना शांतपणे सांगायचे, "तठे बापनी श्वास ठेवेल शे. वाजाडाले कोनी बी वाजाडस. थांबाले अक्कल लागस." हे ऐकताना अक्का हमखास गवारीकडे बघायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी धुळ्याची, कार्यालय धुळ्याचं, तारीख मे महिन्यातली. मुलाने फोनवर सांगितलं, "पप्पा, डीजे बुक केलाय." दुसऱ्या दिवशी नानांनी फोन केला आणि म्हणाले, डीजे राहू दे, पण शेवटची शंभर पावलं मला दे. वडिलांचाच बँड आणतो आणि त्यात मी वाजवतो.

"तुम्ही?" मुलगा म्हणाला. "नवरदेवाचे वडील बँडमध्ये? लोक काय म्हणतील?"

"मना लगीनमा मना बाप वाजाडत व्हता," नाना म्हणाले. "माले तर कोनी काही म्हनं नही."

मुलाने शंभर पावलं दिली. फेब्रुवारीत नाना बाजा कापडात गुंडाळून एसटीने धुळ्याला गेले. मीही गेले, कारण माझं तिथे शिक्षण खात्याच्या कार्यालयात काम होतं, आणि नसतं तरी मी काढलं असतं. बँडच्या गाळ्यात लाल कोट टांगलेले होते आणि त्यांखाली मास्तर बसला होता. नानांच्या वडिलांबरोबर वाजवणाऱ्या जुन्या मालकाचा हा मुलगा, पन्नाशीचा. त्याने नानांना पाया पडून बसवलं आणि म्हणाला, वाजवा.

नाना वाजवू लागले. मास्तर मान डोलवू लागला. आतल्या खोलीतून एक क्लॅरोनेटवाला बनियनवर बाहेर येऊन उभा राहिला. चाल चढली, वर गेली आणि खड्डा आला. नाना आठ मात्रा थांबले. मास्तर वाट बघत राहिला. क्लॅरोनेटवाल्याने घड्याळ पाहिलं.

वाजवून झाल्यावर मास्तर म्हणाला, "नाना, तुम्हना सूर चांगला शे. खोटं नही सांगत. पन मधमा हाऊ खड्डा कसाना?"

नानांनी श्वासाचं सांगितलं.

"आबा आसं कधीच नही करनार," मास्तर म्हणाला. नानांच्या वडिलांना बँडमध्ये आबा म्हणत. "वरातमा बाजा थांबना की घोडी थांबस. घोडी थांबनी की नवरदेव पडस. तठे काही तरी व्हतं, ते ऱ्हायी गयं. आर्धी चाल मी पोरेसले कशी शिकाडू?"

परतीच्या एसटीत नानांनी पारोळ्यापर्यंत बाजा मांडीवर उभा धरला होता. मग म्हणाले, "मॅडम, चार वरीस मी रिजेक्ट माल घासत बसनू."

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवर 'रिजेक्ट' लिहिलं. तारीखही लिहिली नाही. बाजा कपाटात गोधड्यांखाली ठेवला आणि कपाट लावलं. खिशातलं माउथपीस काढून देवघरात ठेवलं. अक्कांनी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. कुकर लागला, तिसरी शिट्टी झाली, आणि नाना जागचे उठले नाहीत.

अक्का ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी दारात होते. त्यांनी गॅस बंद केला आणि न वळता म्हणाल्या, "तो श्वास नही. ती कैरी शे."

"कोनती कैरी?" नाना म्हणाले.

"मनी. मी खाधी ती."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या दिवशी वरात दारात येत होती. अक्का आणि त्यांच्या दोन धाकट्या बहिणी वरच्या खिडकीत बसून मीठ-तिखट लावून कैरी खात होत्या. समोर सासरे बाजा वाजवत येत होते. बाजावाल्यापुढे आंबट खाल्लं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि बाजा बंद पडतो, हे गावातल्या प्रत्येक पोरीला माहीत. बहिणी म्हणाल्या, बघू या. तिघींनी एकदम फोडी चावल्या, अगदी दाखवून. सासऱ्यांनी वर पाहिलं आणि आठ मात्रा गिळत उभे राहिले.

"ते हासनं..." नाना म्हणाले.

"आम्हनंच शे. टेप नही घासायेल."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नव्या सुनेला विचारलं, "सूनबाई, कैरी कशी व्हती?" ती म्हणाली, आंबट. "मंग आजपासून आपला घरमा आंबट बंद," ते म्हणाले, आणि हसत निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या ती एवढीच. मुलाला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही, फक्त आंबटाने ओठ सुटतात एवढं सांगितलं. पण नाना वरणगावला पाळीवर गेले की ते दारातल्या ओट्यावर बसून बाजा पुसायचे, ती चाल गुणगुणायचे, आणि राहिलेल्या आठ मात्रा आल्या की स्वयंपाकघराकडे बघून जरा मोठ्याने म्हणायचे. वर्षानुवर्षं. अक्कांना त्या पाठ होत्या.

"पस्तीस वरीस," नाना म्हणाले. "आनि चार वरीसपासून मी तुनी कैरी वाजाडी राहिनू."

"तुम्ही इतला मन लाईसन थांबेत," अक्का म्हणाल्या. "मंग कशी सांगू?"

यावर नाना रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी देवघरातून माउथपीस आणलं, लहान पोराने चड्डीला पुसावं तसं लेंग्याला पुसलं आणि म्हणाले, "म्हन."

अक्का भाताचा डाव हातात धरून गुणगुणल्या. आठ मात्रा. साधंच होतं ते. चाल वर जाऊन थांबत नव्हती, एक पायरी खाली उतरून, मागे वळून बघून, मग दारात शिरत होती. नानांनी ते तीनदा म्हणायला लावलं आणि चौथ्यांदा माउथपीसमध्ये स्वतः फुंकलं. त्या रात्री आम्ही गार वरण खाल्लं.

पुढचा आठवडा फक्त आठ मात्रांचा. मास्तरने त्या फोनवर ऐकल्या, पुन्हा ऐकल्या आणि चाल घेतली. पण अट घातली. पुढे तो स्वतः वाजवणार, नाना मागच्या रांगेत, मोठ्या बाजाच्या पाठीमागे उभे राहतील आणि हळू फुंकतील. त्याचंही बरोबर होतं. त्याच्या धंद्याच्या नावाचा प्रश्न होता. नाना "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर अक्कांनी विचारलं, "मंग ऐकू कोनले येई तुम्हनं?"

"बापले," नाना म्हणाले आणि विषय संपवला. अक्कांनी संपवला नाही, हे मला त्यांच्या गवार मोडण्यावरून समजलं.

दोष सापडला की त्यावर इलाज करायचा, ही नानांची कारखान्यातली शिस्त. ज्या गोष्टीपुढे वडिलांचा बाजा बंद पडला, तिच्यापुढे आपला पडता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी माझी नेमणूक झाली. रोज संध्याकाळी नाना बाजा लावून उभे आणि मी समोर स्टुलावर. पहिला आठवडा लिंबू, दुसरा चिंच, मार्चअखेरीपासून कैरी, आधी नुसती, मग मीठ लावून, मग मीठ-तिखट लावून. मी चावायचं, चोखायचं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचा. नानांनी वाजवत राहायचं. पहिल्या दिवशी लिंबाची फोड बघूनच बाजातून गटार तुंबल्यासारखा आवाज आला. पाण्याची वाटी तीनदा भरली. माझे दात इतके आंबले की वर्गात थंड पाणी पिताना मी कळवळायचे, आणि मुलींनी मला सहानुभूतीचं कार्ड करून दिलं. पण एप्रिल संपता संपता मी नानांच्या नाकासमोर अख्खी तोतापुरी खाल्ली आणि त्यांचा सूर केसभर हलला नाही. आंबटबंदीच्या घरात दोन महिने मणभर आंबट आलं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी धुळ्यात ऊन असं होतं, की मास्तरच्या पोरांनी बाजे ओल्या फडक्यांत गुंडाळून आणले होते. डीजे कोपऱ्यावर थांबला. लाल कोट रांगेत आले. सगळ्यात मागे, मोठ्या बाजाच्या पितळी घंगाळाआड, एक गुलाबी फेटा दिसत होता. नवरीकडची माणसं वरबाप कुठे म्हणून शोधत होती. चाल सुरू झाली. मास्तरचं ट्रंपेट खणखणीत. नानांचं मला ऐकूच येत नव्हतं, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही याचा मला अनावर राग आला.

वीस पावलं राहिली असतील. चाल चढू लागली. तेवढ्यात समोरच्या बायकांच्या घोळक्यातून अक्का बाहेर आल्या. जरीचं लुगडं, नाकात नथ, नवरदेवाची आई. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या दोन बहिणी, पन्नाशी उलटलेल्या. तिघी बँडच्या पुढ्यात वळून उभ्या राहिल्या. अक्कांनी ओवाळणीच्या ताटाखालून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं. तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी. तिघींनी एकेक उचलली, मास्तरच्या डोळ्यांत बघितलं आणि कचकन चावली.

मास्तरचा सूर तिथल्या तिथे फुटला. क्लॅरोनेटने चिरका आवाज काढला आणि दोघेही गप्प झाले. मोठ्या बाजाने एक ढेकर दिली. अख्खी लाल रांग गिळत उभी राहिली. ढोल तेवढे चालू होते, आणि घोडी.

आणि मागून तो आला. एकटा. सरळ, भरलेला, न हलणारा. एक पायरी उतरला, मागे वळून पाहिलं आणि दाराकडे निघाला. लाल कोट आपोआप दोन बाजूंना सरकले आणि मधून गुलाबी फेटा पुढे चालत आला. नाना डोळे उघडे ठेवून वाजवत होते. ते अक्कांकडे बघत होते आणि अक्का चावत होत्या, मोठ्याने, दाखवून. सहा, सात, आठ. मी मोजल्या. माझ्या गालावरून पाणी आलं आणि ते कैरीचं नव्हतं.

मग सगळा बँड परत आला आणि चाल दारात शिरली. मास्तर बाहीने हनुवटी पुसत नानांना म्हणाला, "आबाच उभा व्हता." अक्कांनी डब्याचं झाकण लावलं, पदराला हात पुसले आणि नवरीच्या आईला म्हणाल्या, "चाला, ओवाळा आते. पोऱ्या उनमा उभा शे."

मुलाच्या मित्राने ते सगळं मोबाइलवर घेतलं आहे. नाना ते रोज बघतात. त्यात त्या आठ मात्रांवर तिघींचं हसणं स्पष्ट ऐकू येतं, कॅसेटवर होतं तेच. फक्त या वेळी त्याच्याखाली बाजा वाजतो आहे.

लग्नानंतर चार दिवसांनी अक्का दुपारी वर आल्या, पुस्तकांमागची बरणी उचलली आणि काही न बोलता खाली घेऊन गेल्या. मला जरा चुटपुट लागली. त्या चारच्या वेळेची सवय झाली होती. रात्री मला जेवायला बोलावलं. बरणी उघड्यावर, टेबलाच्या मधोमध होती. नानांनी चमच्याने एक फोड घेतली, पस्तीस वर्षांतली पहिली, आणि तोंडात टाकून डोळे मिटले. अक्का डाव हातात धरून बघत होत्या. नानांनी बराच वेळ चघळलं, गिळलं आणि डोळे उघडले.

"मीठ कमी शे," ते म्हणाले. "रिवर्क."